पुस्तकातली बाहुली डब्यातच ठेवायची की बाहेर काढायची?

चिमणराणी (९ ऑगस्ट)

नमस्कार मंडळी. इथे नाणी, काडेपेट्या, शाईची पेनं जमवणाऱ्यांचे धागे आहेत. बाहुल्यांचा शोधला, सापडला नाही, म्हणून काढतेय.

मी लहान मुलांच्या पुस्तकांतल्या आणि सिनेमांतल्या पात्रांच्या बाहुल्या जमवते. एकोणीस वर्षं झाली, सध्या सदतीस आहेत. हायडी, ॲलिस, ताठ वेण्यांची पिप्पी, पिनोकिओ, पॅडिंग्टन अस्वल. नुसत्या कपाटात ठेवत नाही, त्यांचे फोटो काढते. हायडीला गच्चीतल्या कुंडीत गवतात बसवायचं, शेजारी मातीची शेळी ठेवायची आणि आपण पालथं पडून तिच्या डोळ्यांच्या उंचीला कॅमेरा धरायचा. माझं वय अठ्ठेचाळीस. सोसायटीतली मुलं आता विचारतात, "काकू, आज कोण येणार आहे वर?"

आता प्रश्न. २००६ साली माझी मावशी टोरांटोहून आली तेव्हा तिने ॲन आणली. 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स'मधली, लाल वेण्यांची, गवती हॅट घातलेली, हातात प्रवासाची पिशवी. गोष्ट जिथे घडते त्या कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर मावशी मुद्दाम जाऊन आली होती, तिथल्याच दुकानातली आहे. तो डबा मी अजून उघडलेला नाही. आधी घर बदलायचं होतं, मग कुणीतरी सांगितलं की उघडला की किंमत जाते, आणि मग उघडायचं राहूनच गेलं. पुस्तकांतल्या सगळ्या मुलींमध्ये माझी सर्वांत लाडकी तीच, आणि एकही फोटो नाही तो तिचाच.

काढू का बाहेर? आणि डोंबिवलीच्या पावसाळ्यात तुम्ही बाहुल्या कशा सांभाळता तेही सांगा.

मुरमुरे

पहिला मीच! धागा वाचनखुणेत टाकला. आधी झब्बू (म्हणजे फोटो हो) द्या, मग बोलू.

जपणूक

ताई, उघडू नका. मी तेवीस वर्षं जमवतोय. माझ्याकडच्या निम्म्याहून अधिक बाहुल्या मूळ डब्यात आहेत, आणि त्याला कारण आहे. एकदा उघडली की आधी बूट हरवतात, मग हॅट, मग पिशवी. सहा महिन्यांनी उरते ती कुठलीही लाल केसांची मुलगी. डब्यातली मात्र 'ॲन'च राहते.

शिवाय हरवलं तर परत मागवणं सोपं राहिलेलं नाही. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं आहे. त्यामुळे परदेशातले छोटे कारागीर 'भारतात पाठवत नाही' असं सरळ कळवतात. माझं एक पार्सल चार महिने अडकून परत गेलं. जे हातात आहे ते जपा.

निळासावळा

जपणूकदादा, तुमचा संग्रह मी पाहिलाय, आदर आहेच. पण डबा म्हणजे तिजोरी नव्हे. मी पणजीत बाहुल्यांची दुरुस्ती करतो. आमच्याकडे येणाऱ्या खराब बाहुल्यांत डबाबंद कितीतरी असतात.

बाहुलीचं डोकं आणि हातपाय मऊ व्हिनाइलचे असतात. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. वर्षं गेली की ते पृष्ठभागावर झिरपतं आणि पाय चिकट होतात. बंद जागेत, उष्णतेत हे लवकर होतं. शेजारी दुसऱ्या जातीचं कडक प्लॅस्टिक टेकलेलं असेल तर ते द्रव्य त्यात शिरतं आणि तिथे वितळल्यासारखा खड्डा पडतो. वेण्या जागेवर राहाव्यात म्हणून डब्यात रबरबँड लावतात, त्याचा डिंक होऊन केसांत बसतो. बुटांचा गडद रंग पायाला लागतो आणि मग जात नाही.

ॲन वीस वर्षं आत आहे. किंमत सोडा, तिची तब्येत बघायला म्हणून तरी उघडा.

जपणूक

रबरबँडचं मान्य. मी ते काढतो आणि परत डब्यात ठेवतो.

निळासावळा

म्हणजे उघडताच की :)

भिंगरी

बाहुल्यांचा विषय निघाला की मला एकच आठवतो, तात्या विंचू. 'झपाटलेला' १९९३ साली आला तेव्हा मी सात वर्षांची. त्यानंतर दोन वर्षं माझी बाहुली माळ्यावर होती, आणि माळ्याचं दार मी आईला बाहेरून दोरीने बांधायला लावलं होतं.

मुरमुरे

भिंगरी +१०००. आमच्याकडे बाहुलीचं तोंड भिंतीकडे करून झोपायचे. ओम फट् स्वाहा!

अनवट

हसा, पण मराठी सिनेमातली मोठ्यांनाही तोंडपाठ असलेली बाहुली तीच आहे. ती रामदास पाध्यांनी घडवली आणि पडद्यावर हलवलीही त्यांनीच. त्यांचे वडील य. के. पाध्ये यांचा अर्धवटराव तर त्याहून कितीतरी जुना. पापडाच्या जाहिरातीतला ससाही पाध्यांचाच. बाहुलीला जिवंत करण्याची कला आपल्या घरात इतकी जुनी आहे आणि आपण विचारतो, मोठ्या माणसांनी बाहुल्या कशाला घ्याव्यात!

चिमणराणी, तुम्ही करता त्याला फार सुंदर पूर्वज आहे. डेअर राइट नावाच्या छायाचित्रकार बाईंचं १९५७ चं 'द लोनली डॉल' हे मुलांचं पुस्तक. त्यात एकही चित्र नाही, सगळे कृष्णधवल फोटो. त्यातली ईडिथ म्हणजे बाईंची स्वतःची लहानपणची बाहुली, इटलीतल्या ट्युरिनच्या लेंची कारखान्याची, फेल्टच्या कापडाची. बाईंनी तिचे केस बदलले, कानात रिंगा घातल्या, दोन टेडी अस्वलं सोबतीला दिली आणि न्यूयॉर्कमध्ये फोटो काढले. म्हणजे इथे उलटं झालं. पुस्तकावरून बाहुली निघाली नाही, बाहुलीच्या फोटोंतून पुस्तक निघालं. ईडिथच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, तरी एका पानावर ती घाबरलेली दिसते आणि दुसऱ्यावर हट्टी. सगळं मान कुठे वळली आणि उजेड कुठून आला यावर.

चिमणराणी

अनवट, हे पुस्तक मला माहीतच नव्हतं! मानेचं अगदी खरं. माझी पिप्पी मान दोन अंश खाली केली की खोडकर दिसते, सरळ केली की नुसती भिंतीवरची जाहिरात.

मुरमुरे, हा झब्बू. पॅडिंग्टन आणि दादर स्टेशनवरून आणलेली जुनी पत्र्याची ट्रंक.

तिठा

कोणाला दुखवायचं नाही, पण मनापासून विचारतो. खेळणं मुलांसाठी असतं. मुलाच्या हातात झिजलेली बाहुली आणि काचेच्या कपाटातली बाहुली, यात जिवंत कोणती? मोठ्यांनी दुर्मीळ म्हणून गोळा करायला सुरुवात केली की भाव वाढतात आणि मुलांना मिळत नाहीत.

हडसनकाठ

तिठा, प्रश्न रास्त आहे. मी न्यू जर्सीतून लिहितेय. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात विनी द पूची मूळ खेळणी १९८७ पासून आहेत. पूच्या लेखकाच्या मुलाला, ख्रिस्तोफर रॉबिनला, पहिल्या वाढदिवसाला, १९२१ मध्ये, हॅरॉड्समधून आणलेलं तेच अस्वल. पिवळा रंग नाही, लाल शर्ट नाही. लाल शर्ट त्याला १९३२ मध्ये अमेरिकेत मिळाला. काचेमागे बसलंय, तपकिरी, झिजलेलं, ठिगळं लावलेलं. शेजारी कांगा, टिगर, ईयोर आणि एवढासा पिगलेट. रू नाही. तो एका सफरचंदाच्या बागेत हरवला, कायमचा. घुबड आणि ससाही नाहीत, कारण ती खेळणी कधी नव्हतीच, पुस्तकासाठी रचलेली.

मी त्या काचेपुढे अर्धा तास उभी होते. माझी लेक म्हणाली, "आई, कुणीतरी याला खूप खेळवलंय." मुलाने झिजवलं आणि मोठ्यांनी जपलं, दोन्ही झालं म्हणून ते आज आम्हाला बघायला मिळालं.

अवांतर: इथे १८ इंची अमेरिकन गर्ल बाहुल्यांचं वेड घराघरात आहे. १९८६ मध्ये कर्स्टन, समँथा आणि मॉली या तिघींनी सुरुवात झाली आणि प्रत्येकीबरोबर तिच्या काळाची पुस्तकं होती. आधी गोष्ट वाचायची, मग बाहुली. २०२३ च्या बाहुलीचं नाव कवी शर्मा, न्यू जर्सीतली भारतीय वंशाची मुलगी. ती आली त्या आठवड्यात आमच्या मराठी शाळेतल्या चार मुलींनी ती वर्गात आणली. कपाळाला टिकली लावून.

तिठा

पूचं वाचून गप्प झालो. भाव वाढण्याचा मुद्दा मात्र सोडत नाही.

सुईदोरा

मुलांनो, माझं वय एकाहत्तर. बाहुल्या जमवत नाही, पण चाळीस वर्षं घरच्या गौरी नेसवते आणि नातीच्या बाहुल्यांना लुगडी शिवते.

नऊवारी हवी असेल तर आधी हिशेब. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. अकरा-साडेअकरा इंची बाहुली माणसाच्या सहावा हिस्सा असते. म्हणजे लुगडं १३७ सेंटीमीटर लांब आणि साधारण १९ रुंद. गणिताने बरोबर, पण नेसवायला घ्या, बाहुली तंबूसारखी फुगते. कारण लांबीरुंदी सहापट कमी झाली तरी कापडाची जाडी कमी होत नाही ना! म्हणून मी ९० सेंटीमीटरच घेते, तेही धुऊन धुऊन विरलेल्या मलमलीचं. जुनी ओढणी उत्तम. निऱ्या ओल्या कापडात घालायच्या, केसांच्या चिमट्यांनी धरायच्या, रात्रभर वाळू द्यायच्या. सकाळी सुरीसारख्या बसतात. काठ विणलेला नको, जड पडतो. रेशमी धाग्याची एक ओळ काढायची, फोटोत काठच दिसतो.

कासोट्यासाठी बाहुली उभी राहत नसेल तर आधी पाठीला उदबत्तीची काडी बांधा.

टोटोवेडी

सुईदोरा काकू, दंडवत!

मीही शिवूनच केलीय, तोत्तोचान. तेत्सुको कुरोयानागींच्या पुस्तकातली. आपल्याकडे चेतना सरदेशमुख-गोसावींच्या अनुवादाने ती घरचीच झाली. त्या पुस्तकातली चिहिरो इवासाकींची चित्रं आठवा, कडा नसलेली, पाण्यात विरघळल्यासारखी. बाजारातली बाहुली तशी कशी असणार? मी पांढऱ्या मलमलीचा चेहरा केला आणि गाल पाण्याच्या रंगांनी ओल्या कापडावर रंगवले, म्हणजे रंग आपणच पसरला. नाक शिवलंच नाही.

तोमोए शाळेचे वर्ग आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरत. मी बुटांच्या खोक्याचा डबा केला, खिडक्या कापल्या, आणि सकाळी साडेसातला खिडकीत ठेवून फोटो काढला. उन्हाचे चौकोन तिच्या बाकावर पडले. त्या एका फोटोसाठी अकरा रविवार गेले.

भिंगरी

नाक शिवलंच नाही हे फार आवडलं.

मुरमुरे

फोटो कसे काढायचे ते कोणीतरी नीट सांगा ना. माझ्याकडे फोनच आहे. माझी ॲलिस दर वेळी टेबलावर ठेवलेलं प्लॅस्टिक दिसते.

निळासावळा

मुरमुरे, तीन गोष्टी.

एक, उंची. वरून काढलेली बाहुली खेळणंच दिसते. फोन उलटा धर, म्हणजे भिंग खाली येतं, आणि तिच्या डोळ्यांच्या रेषेत आण.

दोन, अंतर. आपण फार जवळ जातो. भिंग वस्तूच्या जितकं जवळ तितका कमी भाग सुस्पष्ट येतो. नाक स्पष्ट, कान धूसर, आणि बघणाऱ्याला लगेच कळतं की ही वस्तू वीतभर आहे. म्हणून पोर्ट्रेट मोड बंद कर, दीड-दोन मीटर मागे जा आणि झूम कर. कॅमेरा असेल तर भिंगाचं छिद्र (ॲपर्चर) एफ ८ ते ११. उजेड कमी पडेल, मग तिपाई आणि दोन सेकंदांचा टायमर.

तीन, उजेड. व्हिनाइल चकाकतं. खिडकीला ट्रेसिंग पेपर किंवा पांढरं धोतर लाव, समोरून थर्माकोलचा तुकडा धर. दोन्ही डोळ्यांत उजेडाचा एक-एक ठिपका आला पाहिजे. तो ठिपका नसेल तर डोळे मेलेले दिसतात, बाहुली कितीही महाग असो.

आणि पाय सरळ उभे राहत नाहीत याचा त्रास करून घेऊ नकोस. १९७२ मध्ये शर्ली क्लार्कसन यांनी पॅडिंग्टन शिवला तेव्हा तोही उभा राहीना, म्हणून त्याच्या पायात गमबूट चढवले. आज गमबुटांशिवाय तो ओळखू येणार नाही.

चिमणराणी

हे गमबुटांचं वाचून आमच्या पॅडिंग्टनकडे जाऊन आले.

बर्फाबद्दल माझा अनुभव. हायडीसाठी पिठीसाखर वापरली होती. फोटो सुंदर आला, पण रात्री कपाटात मुंग्यांची रांग. मीठ नको, बुटांच्या बकला गंजतात. आता जाड रवा घेते. तो कपड्यांवरून ब्रशने झटकला की निघतो, आणि लांबून भुसभुशीत दिसतो.

रानजाई

कासच्या पठारावर माझ्या एका मैत्रिणीने परवा परीची बाहुली सीतेच्या आसवांच्या ताटव्यात बसवली. ती निळसर जांभळी फुलं इतकी नाजूक आणि इवली असतात की बाहुलीशेजारी अगदी मापात दिसतात. अप्रतिम फोटो होता. तुम्हीही जा, सप्टेंबरात.

कातळफूल

रानजाई, तिथे ताटव्यात पाय टाकू नका, कृपा करून. पश्चिम घाट २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आला त्यात कास आहे. तिथली माती काही ठिकाणी बोटभरच आहे. एक माणूस गुडघे टेकून बसला की त्या जागेवर पुढच्या वर्षी फूल नसतं. मी तिथे फुलांची मोजणी करायला जातो, असे टक्कल पडलेले गोल दर वर्षी बघतो. बाहुलीचं वजन काहीच नाही, फोटोसाठी पालथा पडणारा माणूस साठ-सत्तर किलोंचा असतो.

रानजाई

हे डोक्यातच आलं नाही. मैत्रिणीला दाखवते. चुकलंच.

कातळफूल

तुम्ही मनावर घेतलंत, बरं वाटलं. कासच कशाला? पावसात कुठल्याही जुन्या भिंतीवर शेवाळ येतं, त्याच्या काड्या सहाव्या हिश्श्याच्या जगात झाडांएवढ्या दिसतात.

तिठा

माझा एक प्रश्न राहिलाच. हायडी, ॲलिस, तोत्तोचान सगळ्या आल्या. आपला फास्टर फेणे कुठाय?

मुरमुरे

ट्टॉक!

टोटोवेडी

तिठा, हे माझ्या मनातलं. फाफे, गोट्या, बोक्या सातबंडे, चिंतू. चिंतू तर १९९१ पासून चित्रांतूनच भेटतोय, त्याची बाहुली करणं किती सोपं! मी फाफे करायला घेतलाय. काटकुळा, चौकडीचा शर्ट, सायकल. चौकडी फार अवघड आहे बरं का. खऱ्या शर्टाचं कापड घेतलं तर एकच चौकोन त्याच्या छातीभर होतो. शेवटी पांढऱ्या रुमालावर बॉलपेनने रेघा मारल्या. सायकल तांब्याच्या तारेची.

जपणूक

स्वतःसाठी करा, आनंदाने करा. विकायचा विचार असेल तर हक्क बघा. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले, म्हणजे २०६१ पर्यंत वारसांची परवानगी लागेल.

यात बीट्रिक्स पॉटरबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. पीटर रॅबिटचं पुस्तक १९०२ चं. लगेच त्यांनी त्याची बाहुली स्वतः शिवली आणि १९०३ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आपल्या एखाद्या प्रकाशकाने हे करावं असं मला फार वाटतं. पुस्तकाशेजारी फाफे ठेवला असता तर मी पहिला उघडा घेतला असता. हो, डब्याशिवाय.

भिंगरी

जपणूकदादांचा हा प्रतिसाद मी छापून लावणार आहे.

पाटपाणी

दिल्लीला गेलात तर शंकर यांचं बाहुली संग्रहालय चुकवू नका. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ मध्ये सुरू केलं. ८५ देशांच्या साडेसहा हजारांच्या आसपास बाहुल्या. माझ्या मुलाने पाय दुखतात म्हणून तक्रार केली नाही असं ते दिल्लीतलं एकच ठिकाण.

अनवट

धागाकर्तीचे दोन्ही प्रश्न मागे पडलेत. पावसाळ्याचं मी सांगते. डांबरगोळ्या ठेवू नका! काही प्लॅस्टिकं त्यांच्या वाफेने मऊ पडतात, चिकटतात. सिलिका जेलच्या पुड्या, सुती कापडात गुंडाळणं, आणि आठवड्यातून एकदा कपाट उघडं. सुरमई-निळे कपडे असतील तर कपडा आणि अंगामध्ये पांढरा आम्लरहित कागद.

पेरूची_फोड

कानांत धातूचे डूल असलेल्या जुन्या बाहुल्या असतील तर डूल आधी काढा. साठीच्या दशकातल्या बाहुल्यांचे कान तांब्यामुळे हिरवे होतात आणि तो हिरवा रंग आत उतरतो. मुरुमांच्या बेंझॉइल पेरॉक्साइडच्या मलमाने तो फिकट होतो, पण मी लोभाने चार दिवस जास्त ठेवलं आणि गालाचा गुलाबी रंगही उडाला. आईची बाहुली होती. अजून तिच्याकडे बघवत नाही. रोज तपासा, एवढंच सांगेन.

निळासावळा

पेरूची फोड, फोटो पाठव. गाल परत करता येतो. खडूच्या मऊ रंगाची पूड आणि वर मॅट थर. आईला ओळखू येईल असा करू.

कोकणकडा

मी उशिरा आलो, पण ॲनबद्दल मला बोलायचंच आहे. मी राजापूरकडचा.

कॉलेजात ते पुस्तक वाचलं तेव्हा पहिल्या काही पानांतच अडकलो. ॲन घोडागाडीतून जाताना विचारते, इथले रस्ते लाल कशाने? उत्तर लोहाचं ऑक्साइड. त्या बेटाचा वालुकाश्म त्याने लाल आहे. आमचा जांभाही त्यानेच लाल! दगड वेगळा, गंज एकच. मी बालपणापासून ज्या रस्त्यावरून शाळेत गेलो तो रस्ता कॅनडातल्या एका मुलीला अचंबा वाटावा असा आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

चिमणराणी ताई, ॲनला घेऊन आमच्याकडे या. दिवाळीनंतर, रस्ते वाळले की. घरी आई आहे, बायको आहे, जागा भरपूर.

चिमणराणी

कोकणकडा, हे वाचून मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. वीस वर्षं मी गच्चीत हिरवळ शोधत होते.

येते.

चिमणराणी (१६ नोव्हेंबर)

मंडळी, जाऊन आले. नीट लिहिते.

डबा राजापूरलाच उघडला, कोकणकडांच्या पडवीत. निळासावळा म्हणाले ते सगळं निघालं. वेण्यांचे रबरबँड तपकिरी डिंक झालेले, हॅटला कुबट वास, आणि डाव्या पोटरीवर काळ्या बुटाची रेघ. त्यांच्या आईने, काकूंनी, खोबरेल तेलाच्या बोटाने केसांतला डिंक सोडवला, मग रिठ्याच्या पाण्याने धुतले. हॅट दोन दिवस उन्हात नव्हे, वाऱ्यावर ठेवली. पोटरीची रेघ तशीच आहे. मोजा घातला की दिसत नाही, आणि तिला सतत नवा फ्रॉक हवा असतो, त्यात एक डाग शोभतो.

मला रस्त्यावरचा फोटो हवा होता. पण कोकणकडांनी आठवण करून दिली की पुस्तकात ती पहिल्यांदा दिसते ती स्टेशनवर, फलाटाच्या टोकाला रचून ठेवलेल्या लाकडी कौलांच्या ढिगावर बसलेली, वाट बघत. आणि त्यांच्या परसात जुन्या कौलांची रास! घरावर पत्रे घातले तेव्हा उतरवलेली. मी आनंदाने ॲनला वर बसवलं आणि हिरमुसले. एक मंगळुरी कौल चाळीसेक सेंटीमीटर लांब. बाहुली त्यावर अशी दिसली की जणू गच्चीवर कुणी विसरून गेलंय.

त्यांच्या भाच्याने, वय दहा, फुटक्या कौलांचे तुकडे आणले आणि दगडावर घासून घासून काड्यापेटीएवढे केले. दोन तास. ऐंशीच्या वर. ते मी रचले, थोडे वाकडे, कारण कुणीतरी घाईत टाकल्यासारखे हवे होते. मागे लाल रस्ता, गडग्याच्या कडेने जाणारा. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. मान किंचित उजवीकडे, कारण तिला न्यायला मॅथ्यू त्या बाजूने येणार.

(फोटो)

टोटोवेडी

ती खरंच वाट बघतेय.

हडसनकाठ

लेकीला दाखवला. ती म्हणाली, "हिला कोणी न्यायला येईल ना?"

तिठा

काड्यापेटीएवढी कौलं घासणाऱ्या पोराला माझ्याकडून शाबासकी. ॲन त्याच्या हातात दिलीत की नाही?

चिमणराणी

तिठा, दिली. संध्याकाळभर त्याच्या सायकलच्या कॅरियरवर होती. हॅट पडली नाही. माझा जीव मात्र गळ्यात होता.

जपणूक

सूर्य कुठे होता? सावली फार मऊ आलीये.

चिमणराणी

साडेचार वाजता, डाव्या हाताला, माडांच्या आड. समोरून काकूंनी पांढरं लुगडं धरलं होतं. आणि डबा टाकलेला नाही हो, सपाट करून पुस्तकांमागे ठेवलाय.

जपणूक

तेच विचारणार होतो.

कोकणकडा

ताई, आई विचारतेय पुन्हा कधी. पुस्तकात स्टेशनवरून येताना ती सफरचंदांच्या पांढऱ्या बहराखालून जाते आणि बोलायचं विसरते, आठवतं ना? आमच्याकडे सफरचंद नाही. पण मेच्या सुरुवातीला सड्यावरच्या वाटेला दोन्ही बाजूंनी कुडा फुलतो, पांढराशुभ्र.

चिमणराणी

४ मेचं कोकणकन्याचं तिकीट बघते. भाच्याला सांगा, या वेळी घोडागाडी लागणार आहे.